वाकळेचा मधला तुकडा

डोंगराच्या पोटाशी दोन ओढे एकत्र येतात आणि तिथून शहाण्यासारखे एकाच वाटेने खाली उतरतात. त्या संगमावर वेळूखिंड नावाचं गाव आहे. श्रीअवजीनाथ महाराज फिरत फिरत या गावी आले ते भर हिवाळ्यात, आणि आले ते राहिलेच. अंगावर भगव्या कावेत बुडवलेली एक कफनी, हातात काठी, एवढाच त्यांचा संसार. गावाने ओढ्याकाठी त्यांना मठ बांधून दिला. मठाला दक्षिणेकडे तोंड करून चांगली ऐसपैस ओसरी होती, दिवसभर ऊन खाणारी. तिथे महाराज रोज प्रवचनाला बसतील असं गावाने धरलं होतं. महाराजांनी ती ओसरी बायकांना गोधड्या शिवायला देऊन टाकली.

त्याचं झालं असं. लोक दर्शनाला येताना नारळ आणत, खडीसाखर आणत. भिवराबाई आली ती गोधडी घेऊन. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, शेताचा तुकडा दिराकडे, आणि राहायला असं खोपट की त्यात शेळी बांधली तर बाईने बाहेर बसावं. महाराजांनी गोधडी हातात घेतली, उलटी केली आणि मागची बाजू बघितली. पाया पडायला मागे उभे असलेले लोक खोळंबले तरी ते बघतच राहिले.

"मागूनही टाका सरळच आहे," महाराज म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, महाराज. थंडीनं शिकवलं."

महाराज खळखळून हसले. "मग आता तू शिकव. सगळ्यांनाच थंडीच्या हाताखाली कशाला घालायचं?"

त्या दिवसापासून ओसरीवर भिवराबाईची शाळा सुरू झाली. तिचा अभ्यासक्रम आभाळ बघून ठरायचा. चैत्रात मऊ धोतरांची दुपदरी गोधडी, उन्हाळ्यात अंगणात निजायला. आषाढाच्या आधी पातळ पण दाट टाक्याची, ओली झाली तर चुलीच्या उबेवर वाळेल अशी. बाळंतिणी असतील तशी दुपटी. आणि भादवा सरला की हिवाळी वाकळ, चांगली जाड, आत चार पदर घातलेली. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवायचा हे ती जमिनीवर चिंध्या मांडून दाखवायची. चारी कडांनी टाका घालत घालत आत यायचं आणि शेवटी मधोमध वीतभर जागा उघडी ठेवायची. तिथे भाकरीचा तुकडा ठेवून वर शेवटचं कापड शिवायचं. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची ऊब खाते, असं तिचं म्हणणं होतं.

शिकवायला ती कडक होती. टाका वाकडा गेला की म्हणायची, "उसव." पोरी कुरकुरल्या की म्हणायची, "मान खाली, टाका सरळ. वर बघून शिवायला तुला काय आभाळाला ठिगळ लावायचंय?"

आपल्या टाक्याचा तिला अभिमान होता. का असू नये? गावातली निम्मी लेकरं तिच्या नाहीतर तिच्या शिष्यिणींच्या हातच्या पांघरुणात निजत होती. ओसरीवरून चालताना तिची मान अशी ताठ असायची की नव्याने आलेल्याला वाटावं, मठाच्या मालकीणबाई याच. महाराजांनी तो अभिमान कधी मोडला नाही. उलट पायरीवर बसून ते गुंतलेला दोरा सोडवून द्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "जोडे लांब काढा. शाळा चालू आहे."

गावात एका माणसाला हे खपत नव्हतं. सत्यभामाबाई देशमुख, सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. दर उत्सवाला महाराजांना रेशमी शाल त्यांच्या घरची. मागच्या उत्सवाला महाराजांनी ती शाल मोठ्या प्रेमाने घेतली आणि संध्याकाळी थंडीने कुडकुडणाऱ्या वासराच्या पाठीवर घातली. बाईसाहेबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. महाराजांवर रागावता येत नाही, म्हणून सगळा राग ओसरीवर निघाला.

"मठ आहे की चिंध्यांचा बाजार?" त्या ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "मेलेल्यांची लुगडी, कोणाकोणाची धोतरं. दर्शनाला जायचं तर आधी ही अवकळा ओलांडायची. आणि ती भिवरा. शिवायचं ठिगळ आणि बसायचं गादीवर बसल्यासारखं."

शेवटी त्यांनी पंचांचं मन वळवलं. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला मठाचा उत्सव. त्या दिवशी पंच ओसरीवर येतील, आणि बायकांना तिथून उठवायचं की नाही ते ठरवतील. सगळ्यांना ठाऊक होतं, ठरवायचं काही उरलेलंच नाही.

भिवराबाई महाराजांपुढे जाऊन बसली. ओसरी गेली तर शाळा कुठे भरवायची? तिच्या खोपटात एक वाकळसुद्धा धड पसरली जात नव्हती.

महाराज म्हणाले, "उत्सवाला एक हिवाळी वाकळ कर. साऱ्या गावाची. प्रत्येक घरचं एक कापड घे. एक घर राहिलं तरी वाकळ पुरी झाली म्हणू नकोस. पंचांनी ती बघावी आणि मग काय ते ठरवावं."

भिवराबाई दारोदार फिरली. कोणी फाटका सदरा दिला, कोणी सासूचं लुगडं, कुंभाराच्या म्हातारीने मुंडासं दिलं, त्याला अजून मातीचा वास होता. सगळ्यांत शेवटी ती देशमुखांच्या दारात उभी राहिली.

"जुनेर मागायला आलेय, बाईसाहेब. हातभर दिलंत तरी पुरे."

बाईसाहेब झोपाळ्यावर बसल्या होत्या. मांडीवर जरीची कुंची होती. सून मंजुळा माहेरी बाळंत झाली होती, त्या नातवासाठी त्यांनी ती कौतुकाने करवून घेतली होती.

"आमच्या घरात जुनेर नसतं, भिवरे. आम्ही फाटेपर्यंत नेसत नाही."

"बाळाला तरी लागेल ना? नव्या जिवाच्या अंगाला नवं टोचतं. पहिलं कापड जुनंच घालतात."

"तुमच्यात घालत असतील. माझा नातू जन्मल्यापासून रेशमात आहे." आणि मग झोपाळ्याला पायाने हलकेच झोका देत म्हणाल्या, "वाकळेला भोक राहिलं तर राहू दे. पंचांना आरपार बघायला बरं."

भिवराबाई घरी आली ती धुमसत. पेटीच्या तळाशी तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं. त्याचा पदर तिने कापला. ओसरीवर बायका वाट बघत होत्या. त्यांच्यासमोर तिने भाकरीचा तुकडा मधोमध ठेवला, वर तो हिरवा पदर लावला आणि म्हणाली, "देशमुखांवाचून कोणाची ऊब अडत नाही." बायकांना फार आवडलं ते. महाराज पायरीवर दोरा सोडवत होते. त्यांनी नुसतं एकदा वर बघितलं.

दुसऱ्या सकाळी मधला तुकडा सुटलेला होता.

"उंदीर," ठकू म्हणाली. ठकू म्हणजे भिवराबाईची सगळ्यांत तोंडाळ शिष्यीण.

"उंदीर भाकरी सोडून दोरा खातो होय गं?" भिवराबाईने भाकरीचा तुकडा उचलून दाखवला. तो जसाच्या तसा होता. टाके मात्र एकूण एक निघालेले, कोणी सुईच्या टोकाने हळुवार उसवावेत तसे.

तिने पुन्हा शिवलं. पुन्हा सुटलं. दुहेरी दोऱ्याने शिवलं, तरी तेच. हां हां म्हणता गावभर झालं. बाईसाहेब दर्शनाला आल्या तेव्हा मुद्दाम ओसरीवर थांबल्या. "मास्तरीणबाईंचाच टाका टिकेना म्हणे. मग या बिचाऱ्या शिकतात तरी काय?"

भिवराबाईची ताठ मान पहिल्यांदा खाली गेली. का सुटतंय ते तिला आतून कळत होतं. पण त्या दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं? त्यापेक्षा बोट टोचून घेतलेलं बरं, असं म्हणत ती पुन्हा सुई ओवायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारीच आभाळ काळं झालं. मार्गशीर्षात कधी न पडणारा पाऊस पडला आणि पाठोपाठ गारा. ओसरीवरची कापडं भिजून चिंब झाली. बायका आपापल्या पोरांकडे धावल्या. भिवराबाईने तेवढी ती मोठी वाकळ उचलून आत देवाजवळ नेली.

दिवेलागणीला मठाच्या दारात आरडाओरडा झाला. मंजुळा उत्सवासाठी बाळाला घेऊन सासरी येत होती. बाईसाहेब हौसेने तिला घ्यायला वाटेवर गेल्या होत्या आणि परतताना त्यांची बैलगाडी ओढ्यात रुतली होती. गाडीवानाने दोघींना कसंबसं मठापर्यंत आणलं. बाळाच्या अंगावर जरीची कुंची होती, रेशमी दुपटं होतं, आणि सगळं पाणी होऊन निथळत होतं. बाळ रडत नव्हतं. मंजुळा म्हणत होती, "रडत का नाही हा? अहो सासूबाई, हा रडत का नाही?"

भिवराबाई पुढे झाली. ओलं रेशीम सोलून काढलं, बाळाला कोरडं पुसलं आणि मंजुळेसकट वाकळेत गुंडाळलं. शेगडी जवळ ओढली. महाराज कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

बाळाची बोटं गार ती गारच. भिवराबाईने वाकळेवरून हात फिरवला. कडांना ऊब होती. मधोमध मात्र हात नेला की विहिरीच्या तोंडावर धरल्यासारखा गारवा. सकाळी शिवलेला हिरवा तुकडा पुन्हा सुटून लोंबत होता.

समोर उभी असलेली बाई उद्या आपल्याला इथून उठवणार, हे भिवराबाईला दिसत होतं. बाळाचे निळे पडलेले ओठही दिसत होते. ती उठली.

"बाईसाहेब, माझं चुकलं. एकही घर राहू नये असं महाराजांनी सांगितलं होतं. मी रागाच्या भरात तुमच्या जागी माझं कापड लावलं. ते बसत नाही. तुमच्या घरचं पाहिजे."

सत्यभामाबाईंनी आपल्या अंगाकडे बघितलं. उत्सवासाठी आणलेलं जरीच्या पदराचं कोरं करकरीत लुगडं, हौसेने आदल्या दिवशीच नेसलेलं.

"माझ्याकडे जुनेर नाही गं, भिवरे. मी काय देऊ?"

"अंगावरचं द्या. तुमची ऊब लागली ना त्याला? झालं ते जुनेर."

जरीचं कापड सहजी फाटत नाही. बाईसाहेबांनी पदर दातात धरला आणि टरकन ओढला. ओला तुकडा भिवराबाईने मधोमध ठेवला. भाकरी जागेवर होतीच. दोऱ्याची गुंडी मात्र पुन्हापुन्हा शिवण्यात संपून गेली होती. सुईत होता तो टीचभर दोरा, एक बाजूसुद्धा झाली नसती. बाईसाहेबांनी कड ताणून धरली. भिवराबाईने मान खाली घातली आणि पहिला टाका घातला.

दोरा संपला नाही. एक कड झाली, कोपरा वळला, दुसरी कड झाली. ती घालत गेली तसा तो येत गेला. तिला त्याचं भान नव्हतं, तिचं सगळं लक्ष टाक्यात होतं. चौथा कोपरा आला, तिने गाठ मारली, तेव्हा हाताखालचा ओला पदर कोरडा झाला होता. उन्हात वाळल्यासारखा.

वाकळेच्या आतून एक शिंक आली. आणि मग बाळाने असा टाहो फोडला की देवाजवळची समई हलल्यासारखी वाटली. इतकं गोड रडणं त्या मठात कोणी ऐकलं नव्हतं. मंजुळाही रडायला लागली.

सकाळी लख्ख ऊन पडलं. ठकू वाकळ बघायला धावत आली आणि बघतच राहिली.

"काकू, सगळी वाकळ पांढऱ्या दोऱ्याची. मधल्या तुकड्याला हा कावेचा रंग कुठला?"

खरंच, जरीच्या पदराभोवती चारी बाजूंनी भगवे टाके होते. एकसारखे, सरळ. भिवराबाईने वळून महाराजांकडे बघितलं. महाराज पायरीवर बसले होते. त्यांची कफनी पायघोळ असायची, ती आज नडगीच्या वर आली होती. खालची कड धाग्या धाग्याने उलगडून गेलेली.

"महाराज, कफनी..."

"काल संध्याकाळी गुरं आत घेताना कुठे काट्याला अडकली असेल," महाराज म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

महाराज काल संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कोपऱ्यातून हलले नव्हते. ते मठात असलेल्या सगळ्यांनी बघितलं होतं.

सत्यभामाबाई पुढे आल्या. फाटक्या पदराने डोकं झाकलं आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर कपाळ टेकलं. बराच वेळ उठल्या नाहीत. "मी या चिंध्यांना अवकळा म्हटलं, महाराज. माझ्या घरचा दिवा त्यांनीच झाकून धरला."

महाराजांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "कळलं ना? मग पुरे आता. कफनी आखूड झालीय, माझ्या पायांना वारं लागतंय. अजून वाकायचं असेल तर ओसरीवर जागा आहे. ती बाई वाकायला फार छान शिकवते."

दुपारी पंच आले. पागोटी नीट करत, घसा खाकरत, निर्णय तयार ठेवून आले. ओसरीवर शाळा भरलेली होती. मधोमध ती वाकळ पसरली होती, आणि अगदी नवशिक्या पोरींच्या रांगेत, फाटका पदर खोचून, देशमुखांच्या बाईसाहेब बसल्या होत्या. पुढ्यात एक छोटंसं दुपटं होतं. नातवासाठी, जुनेराचं. ते जुनेर त्यांनी सकाळी कुंभाराच्या म्हातारीकडून मागून आणलं होतं.

पंच दारातच थबकले. त्यांच्यातल्या थोरल्याने कसंबसं विचारलं, "बाईसाहेब, मग ओसरीचं...?"

"जोडे लांब काढा," बाईसाहेब वर न बघता म्हणाल्या. "शाळा चालू आहे."

भिवराबाई ताठ मानेने रांगेतून फिरत त्यांच्यापाशी आली. दुपटं उलटं करून मागची बाजू बघितली आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"उसवा, बाईसाहेब."

गावात ज्यांच्यापुढे कोणी आवाज चढवला नव्हता, त्या सत्यभामाबाई देशमुखांनी निमूटपणे टाका उसवला. मग सुई पुन्हा ओवली आणि मान खाली घातली. श्रोतेहो, ज्या महाराजांनी अंगावरची कफनी उलगडून एका गावाची ऊब शिवली, त्यांच्यापुढे आपणही क्षणभर तशीच मान खाली घालू या.