डेलियाचा गड्डा आणि खारीचा प्रश्न

घाटमाथ्यावरच्या एका दाट जंगलात एक खार होती. तिला खाण्यापेक्षा विचारण्याचीच भूक जास्त. पाऊस तिरपा का पडतो, मुंग्या रांगेतच का चालतात, एक ना दोन. सारे जंगल तिच्या प्रश्नांनी जेरीस आले होते. पण तिला त्याचे काही नाही. हिरड्याच्या झाडाखाली तिच्या आईने लावलेले डेलियाचे एक झाड होते. आई गेली, मागे एवढेच राहिले. पूर्वी दसऱ्याच्या सुमारास त्याला ताटाएवढी तांबडी फुले येत. मग ती वाटीएवढी झाली आणि यंदा तर सुपारीएवढी तीनच आली. हे झाड मेले, तर आईचे म्हणून जंगलात काहीच उरणार नव्हते.

थंडी सरून पाने वाळली, तेव्हा तिने मुळाशी उकरून पाहिले. खाली कंदांची नुसती दाटी! हा गड्डा फोडून वेगवेगळा लावायला हवा, इतके तिला उमगले. पण नेमका कुठून फोडायचा? गड्डा उपसून ती साळिंदराकडे घेऊन गेली. "बरोबर ठिकाणी आलीस," साळिंदर काटे फुलवून म्हणाले. "जन्म गेला माझा कंद खाण्यात." त्याने गड्डा पुढ्यात ओढला आणि चांगले जाडजूड नऊ कंद खोडाजवळच्या निमुळत्या मानेपाशी कटाकट मोडले. "हे लाव. उरलेला जुन्या खोडाचा खुंट नि त्याला चिकटलेले हे रोडके कंद दे फेकून."

"पण काका, कोंब येतो कुठून?" खारीने विचारले.

"पोटातून, आणखी कुठून? जेवढं पोट मोठं, तेवढं झाड मोठं."

"तुम्ही येताना पाहिलाय?"

"त्यात पाहायचं काय? दिसतंय की," असे म्हणून साळिंदराने मेहनतीचा म्हणून एक कंद तोंडात टाकला आणि ते चालते झाले.

खारीने उरलेले आठ कंद ओळीने लावले. खुंट मात्र तिच्याने फेकवेना. याचे पुढे होते तरी काय, हे तिला पाहायचे होते. तिने तो हिरड्याच्या ढोलीत ओलसर वाळूत ठेवला, वर पाचोळा घातला. चैत्र गेला, वैशाख लागला, तरी ओळीतून एक हिरवे टोक वर येईना. शेवटी तिने उकरले. पहिला कंद मऊ पडलेला, दुसरा कुजलेला, तिसरा लावला तसाच गुळगुळीत. आठांपैकी एकालाही कोंब नव्हता. आईचे झाड आपण आपल्याच हातांनी घालवले, असे वाटून खार खूप रडली.

रडून झाल्यावर तिला खुंटाची आठवण झाली. पाचोळा बाजूला करून पाहते, तर जुन्या खोडाच्या बुडाशी, कंद जिथे जोडलेले असतात तिथे, मोहरीएवढे तांबूस कोंब! कंदांच्या पोटावर एकही नाही. साळिंदराने मोडलेले कंद या कोंबांच्या जागेपासूनच तुटले होते, मग ते उगवणार कसे? खारीने घाई केली नाही. खुंट फिरवून फिरवून पाहिला आणि दातांनी असा कापला, की प्रत्येक तुकड्याला एक कंद, जुन्या खोडाचा थोडा भाग आणि निदान एक कोंब मिळेल. असे चारच तुकडे झाले. कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकू दिली आणि मग ते लावले.

दसऱ्याला हिरड्याखाली चार झाडे तांबड्या फुलांनी वाकली होती. साळिंदर मुद्दाम पाहायला आले. "माझ्या जाड कंदांचीच ना ही?" त्याने ऐटीत विचारले.

"नाही काका. ते कुजले. तुम्ही फेकून द्या म्हणालात, त्या खुंटाची आहेत."

झाडांभोवती दोन फेऱ्या मारून साळिंदर निघून गेले. पुढच्या उन्हाळ्यात गड्डे फोडायची वेळ झाली, तेव्हा मात्र ते न बोलावता आले, खारीशेजारी बसले आणि कशालाही हात न लावता हळूच म्हणाले, "पोरी, आधी मला कोंब दाखव. मग मोडतो."

तर बाळांनो, तात्पर्य हे : एखादी गोष्ट जन्मभर खाल्ली म्हणून ती कशी उगवते हे कळत नाही, त्यासाठी थांबून, वाकून पाहावे लागते.