रांगेत अडकलेली नोंद

"सर, दाबू का?"

मुग्धा दानोळेचं बोट एंटरवर टेकलं होतं. आज्ञा टाइप करून झाली होती.

बागवान सर तिच्या मागे उभे होते. ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"सर, उपळेकर मॅडम दारात उभ्या आहेत. दाबू का?"

"दाबल्यावर काय होईल?"

"अडकलेलं सगळं सुटेल."

"सुटेल... की फेकलं जाईल?"

मुग्धाने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. बोट मात्र तिने उचललं नाही.

मिरजेजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळघरात हे घडलं. तिथले सर्व्हर बागवान सर सांभाळत. मुग्धा पुण्यातली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली शिकायला आली होती. ती हुशार होती, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. सर प्रत्येक आज्ञा पुन्हा वाचायला लावत, तेव्हा ती ओठ दाबून हसायची.

रक्तपेढीच्या नोंदी डिस्कच्या एका मोठ्या कपाटात साठत. सर्व्हरपासून त्या कपाटापर्यंत दोन रस्ते होते. दोन केबली, प्रत्येकीच्या मध्ये वेगळा स्विच, म्हणजे केबली एकमेकींना जोडणारी पेटी. एक रस्ता बंद पडला तर काम गुपचूप दुसऱ्यावर न्यायचं, हे मल्टिपाथ नावाच्या प्रोग्रामचं काम.

दोन्ही बंद पडले तर?

तर लिहायला निघालेल्या नोंदी रांगेत धरून ठेवायच्या, रस्ता उघडेपर्यंत. असं सरांनी ठरवून ठेवलं होतं. मुग्धाला ते कधीच पटलं नव्हतं. रस्ता नसेल तर नाही म्हणून सांगावं आणि मोकळं व्हावं, असं तिचं मत.

त्या दुपारी ती दोन्ही स्विचवर नवं सॉफ्टवेअर चढवत होती. पहिला स्विच बंद झाला, पुन्हा सुरू झाला. दिव्यांची ओळ हिरवी झाली. तिने लगेच दुसरा घेतला.

वर रक्तपेढीतल्या सगळ्या स्क्रीन गोठल्या.

"बागवान, माझ्याकडे वेळ नाही," दारातून डॉक्टर उपळेकर म्हणाल्या. रक्तपेढी त्यांच्या ताब्यात होती. जिना धावत उतरल्याने त्यांना धाप लागली होती. "बाळंतीण टेबलावर आहे. रक्तस्राव थांबत नाहीये. कुठली पिशवी द्यायची ते मला स्क्रीनवर दिसायला हवं."

"मी देते, मॅडम," मुग्धा म्हणाली. "ही रांग मोडते, आणि कालची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर आहे, ती चालू करते. लगेच दिसेल."

"कालची?" सरांनी विचारलं.

"काल आणि आज यात असा काय फरक पडणार आहे, सर?"

सर डॉक्टरांकडे वळले.

"मॅडम, स्क्रीन अडकली तेव्हा तुमच्याकडे कोण काय लिहीत होतं?"

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी वर फोन लावला. तंत्रज्ञ विभावरीताईंशी त्या बोलल्या, ऐकत राहिल्या... आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

"सकाळपासून फेरतपासणी चालली आहे. एका पिशवीत कावीळ निघाली. ती देऊ नये, अशी नोंद विभावरी करत होती. सेव्ह दाबलं आणि स्क्रीन अडकली."

"पिशवीचा गट?"

"बी पॉझिटिव्ह."

"आणि बाळंतिणीचा?"

"तोच."



"कालच्या प्रतीत ती पिशवी चांगली आहे," सर म्हणाले.

डॉक्टर पुन्हा फोनवर ओरडल्या. "विभावरी, ती पिशवी फ्रीजमधून काढ आधी. वेगळी ठेव. लाल चिठ्ठी लाव." मग सरांना म्हणाल्या, "आधीच तपासून वेगळ्या काढलेल्या थोड्या पिशव्या आहेत. त्या हाताने जुळवून देते. पण पुरतील असं वाटत नाही. त्या संपल्या की मला स्क्रीन लागेल, बागवान. तेव्हा रस्ता नाही असं मला सांगू नका."

त्या धावत वर गेल्या.

मुग्धाचं बोट अजून तिथेच होतं.

"ती पिशवी तर काढली, सर. आता तरी दाबू?"

"रांगेत आणखी काय आहे?"

"ते... दिसत नाही."

"मग?"

"मग काय सर? बसून राहायचं? वर बाई मरतेय आणि आपण नुसतं बघायचं? दुसरा स्विच उठायला अजून वेळ आहे. काहीतरी करायला नको?"

सर खाली वाकले. त्यांनी कीबोर्डची वायर सर्व्हरमधून उपसली आणि तिचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"सर!"

"हात मोकळे झाले ना?"

"हे काय करताय तुम्ही?"

"दुपारपासून तू काय काय केलंस, ते सांग."

"आत्ता? आत्ता मी ते सांगत बसू?"

"आत्ताच."

तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. पण वायर त्यांच्या मुठीत होती.

"पहिला स्विच घेतला. नवं सॉफ्टवेअर चढवलं. बंद करून सुरू केला."

"मग?"

"दिवे हिरवे झाले."

"कुठले दिवे?"

"स्विचचे. वीज आणि पंखे चालू असल्याचे."

"मग?"

"मग दुसरा..."

ती थांबली.

सर वाट बघत राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"सर... पहिला रस्ता खरंच उघडला का, हे मी सर्व्हरला विचारलंच नाही."



"दोन्ही बाजूंनी केबल आहे. स्विच सुरू आहे. तरी रस्ता बंद..." ती स्वतःशीच पुटपुटत होती. "मग पोर्ट. नव्या सॉफ्टवेअरने पोर्ट बंदच ठेवला असेल."

ती उठली. खुर्ची मागे कलंडली. पलीकडच्या रॅकमध्ये पहिला स्विच होता. तिने लॅपटॉपची केबल त्याला जोडली. पहिल्यांदा पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदाही चुकला.  तिने हात क्षणभर ओढणीत दाबून धरले, मग एकेक अक्षर बघून टाइप केलं.

पोर्टांची, म्हणजे केबली जिथे खोचतात त्या जागांची, यादी आली. ती वरून खाली वाचत गेली. रक्तपेढीच्या सर्व्हरच्या पोर्टापुढे लिहिलं होतं, बंद.

तिने पोर्ट उघडायची आज्ञा टाइप केली. एंटर दाबण्याआधी पोर्टाचा क्रमांक बोटाने ताडून पाहिला. परत पाहिला. मग दाबलं.

सरांचा फोन वाजला. डॉक्टरांचा आवाज मुग्धाला तिथपर्यंत ऐकू आला. "वेगळ्या काढलेल्या संपल्या. बागवान, आता मला स्क्रीन लागेल."

"हो," एवढंच म्हणून सरांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मुग्धा परत आली, खुर्ची उचलून बसली. सरांनी मूठ उघडली. कीबोर्डची वायर तिनेच जोडली, आधीची आज्ञा पुसली आणि रस्ते उघडे आहेत का, हे सर्व्हरला विचारलं.

multipath -ll

पडद्यावर दोन रस्त्यांच्या दोन ओळी उमटल्या. दोन्हींपुढे तोच शब्द, फेल्ड.

"पोर्ट तर उघडलाय!" तिचा आवाज चिरका झाला.



रांग मोडायची ती आज्ञा पुन्हा टाइप करायला क्षणही लागला नसता. तिचं बोट पहिल्या अक्षराकडे गेलं... आणि माघारी आलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. 

मग तिने रस्ते विचारायची आज्ञाच पुन्हा दिली.

दुसरी ओळ तशीच होती. पहिला रस्ता जुळायला मात्र एवढाच वेळ हवा होता; आता त्याच्यापुढे लिहिलं होतं, ॲक्टिव्ह.

रांग सुटली. धरून ठेवलेल्या नोंदी एकापाठोपाठ एक कपाटात जाऊन बसल्या.

"हलली!" फोनमधून डॉक्टर ओरडल्या. "स्क्रीन हलली. थांबा... ती पिशवी लाल दिसतेय. आणि... बागवान, आणखी एक लाल आहे. विभावरीच्या शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ती नोंद केली होती. ती फ्रीजमध्येच आहे अजून. मी ती..."

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं.

"चांगली कुठली आहे, मॅडम?" सरांनी शांतपणे विचारलं.

"दिसतेय. घेते." फोन बंद झाला.

मुग्धा खुर्चीत बसून राहिली. दुसरा स्विचही थोड्या वेळाने उठला. या वेळी तिने दिव्यांकडे मान वळवली नाही. पोर्ट पाहिला, सर्व्हरला विचारलं, दोन्ही ओळी नीट वाचल्या आणि मगच हात बाजूला घेतले.

संध्याकाळी डॉक्टर उपळेकर खाली आल्या. रक्तस्राव थांबला होता. मुलगी झाली होती, ती आईजवळ झोपली होती.

"स्विच बिघडला होता का?" त्यांनी विचारलं.

सर चष्मा पुसत राहिले.

मुग्धा उभी राहिली. "नाही, मॅडम. पहिला रस्ता उघडला की नाही हे न पाहता मी दुसरा बंद केला."

डॉक्टरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्या दमल्या होत्या. "बरं झालं तू सांगितलंस," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मुग्धाने खुर्ची टेबलाखाली सरकवली. 

"सर..."

"हं."

"मी चिडले होते, तुम्ही गप्प होतात. पोर्ट उघडूनही रस्ता आला नसता, तर? अजून किती वेळ तुम्ही रस्त्याची वाट पाहिली असती?"

सरांनी स्वेटर काढला, घडी केली, खांद्यावर टाकला. दारापाशी जाऊन ते थांबले.

"रस्त्याची वाट मी पाहतच नव्हतो, मुग्धा."