सांडव्याची कुदळ

एका डोंगराच्या उतारावर, एकीखाली एक अशा तीन वाड्या होत्या. पाऊस आला की डोंगराची माती घेऊन निघून जायचा, आणि उन्हाळ्यात तिन्ही वाड्या एकाच झऱ्यावर भांडायच्या. शेवटी भांडून दमलेल्या लोकांनी मिळून एक पाणलोट मंडळ काढलं. माथ्यावर चर खणले, गवत लावलं आणि वरच्या वाडीपाशी ओढ्यावर मातीचा बांध घातला.

बांध उभा राहिला तशी खालची वाडी धास्तावली. मधली वाडी ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर होती; बांध फुटला तर पहिली घरं खालच्या वाडीचीच जाणार! तेव्हा मंडळातल्या म्हाताऱ्यांनी एक रीत घातली. जादा पाणी निघून जावं म्हणून बांधाच्या कडेला सांडवा ठेवला आणि तो साफ ठेवायची कुदळ खालच्या वाडीच्या हाती दिली. "बांध तिघांचा, सांडवा तुमचा," ते म्हणाले.

म्हातारे गेले. रीत राहिली, तिच्यामागची भीती तेवढी विसरली गेली.

पुढे एका वर्षी कुदळ आली ती बांधाच्या अगदी खाली राहणाऱ्या एका सुनेकडे. ताटली पडली तरी ती दचकायची. वाडीतली पोरं मागून येऊन तिला मुद्दाम 'भॉक' करायची.

भर पावसाळ्यात ती सांडवा साफ करायला वर गेली, तर सांडव्यात वाळूची पोती रचलेली! शेजारी तिन्ही वाड्यांतली माणसं, आणि त्यांच्यात मंडळाचे कारभारी अण्णा छत्री धरून उभे.

"अण्णा, हे काय?"

"हातभर पाणी जास्त साठेल. मागचा उन्हाळा विसरलीस? तुमच्या वाडीलाही पाट सोडू."

"पण बांध..."

"बांधाला काय धाड भरलीय! सूनबाई, तू तर मांजराला भितेस."

सगळे हसले. तिच्या वाडीतलेही हसले. उन्हाळी वांग्यांची स्वप्नं त्यांनाही पडू लागली होती.

ती कुदळ घेऊन परतली. पण पावसाचा जोर वाढला की भाकरी थापता थापता हात थांबायचा. तान्ह्या लेकीचा पाळणा ती दाराशी ओढून ठेवायची. आपण उगाच घाबरतोय का? आणि उगाच नसलं तर?

एके दिवशी पाऊस सकाळपासून थांबलाच नाही. ती पदर खोचून, भिजत वर गेली. देवळात मंडळाची बैठक भरली होती.

"आली पुन्हा!" अण्णा म्हणाले.

"सांडव्याचं नाही बोलत, अण्णा. जेवायला बोलवायला आलेय. पिठलं-भाकरी केलीय. पाऊस ओसरेपर्यंत आमच्याकडेच थांबा. बांध पक्का आहे ना?"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? अण्णा निघाले. गंमत बघायला दोघं-तिघं मागोमाग आले.

घरात बसल्यावर बांध दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. भिंतीपलीकडून जड गाडा ओढत न्यावा तशी घरघर. अण्णांनी पहिला घास घेतला. गोठ्यात शेळी शिंकली. अण्णांचा हात थांबला. "शेळी आहे," ते स्वतःलाच म्हणाले. तेवढ्यात चुलीवरचं झाकण खणकन पडलं आणि अण्णा पाटावरून थेट दारात! सून त्यांच्याही आधी लेकीला उचलून तिथं उभी होती.

कोणी हसलं नाही.

"रोज असंच असतं का गं?"

"पाऊस असला की रोज."

अण्णांनी हातसुद्धा धुतला नाही. "कुदळ कुठंय?"

पोती निघाली. पाणी धडधडत सांडव्यातून निघून गेलं. काही जण हळहळले, एक जण तर चक्क रडकुंडीला आला. मग पाणी हातभर उतरलं, आणि इतका वेळ पाण्याखाली असलेली एक भेग बांधाच्या पोटात दिसली. अण्णांनी तिच्यात हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला.

तेव्हापासून पावसाळ्यात मंडळाची बैठक देवळात भरत नाही. बांधाखालच्या त्या घरात भरते. आणि पोती रचायची का, या विषयावर तिथं फार वेळ चर्चा होत नाही.

तात्पर्य: धोका आहे की नाही, हे तो ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्या घरात बसून ठरवावं.