पोचा पडलेल्या मोटारीचा भाव

“ही मोटार म्हणायची की उंदरांचं बिऱ्हाड?” रुईघरचे राजे नरसोजीराव यांनी नाकाला रुमाल लावला.

राजवाड्याच्या चौकात तातोबा शेडग्यांची स्टेशन वॅगन उभी होती. वीस वर्षांपूर्वी कालव्यावरचा इंजिनिअर साहेब विलायतेला परत जाताना ती आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे तातोबाला, देऊन गेला. तिच्यातच तातोबाची आठ पोरं लहानाची मोठी झाली. टपाचा हिरवा रंग उन्हानं उडून पत्रा दिसत होता, दारांच्या लाकडी फळ्या हात लागून लागून काळ्या पडल्या होत्या, आणि मागं एका बोकडानं शिंगानं पाडलेला पोचा होता. पण रंगाचा नवा हात तिच्यावर एकदाही फिरला नव्हता. आता तातोबाला नीट दिसेना, म्हणून त्याची थोरली लेक गजरा ती विकायला निघाली होती. त्या पैशांत तिला गावात पिठाची गिरणी टाकायची होती.

गंमत अशी, की महाराजांना ती मोटार मनापासून हवी होती! शेजारच्या संस्थानिकानं अशीच एक जुनी, कधी नवा रंग न दिलेली मोटार मिळवली आणि चार साहेबांकडून वाहवा घेतली. तेव्हापासून यांना अन्न गोड लागत नव्हतं. पण पैसे द्यायचे ते भंगाराचे! मुकुट राजाचा असला तरी जीव बोहारणीचा.

“काय मागतेस हिचं?”

“नव्या मोटारीला पडतील तेवढे, सरकार.”

दरबारी मंडळी खो खो हसली. त्यांना पगारच त्याचा होता.

“पोरी,” दिवाण गोपाळपंत म्हणाले, “रंग उडालाय, पोचा पडलाय, बैठक फाटलीय. याचे पैसे कापायचे की वाढवायचे?”

“वाढवायचे! रंग काय, कुणीही देईल, दिवाणजी. असा उडवायला वीस वर्षं लागतात.”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. “फार बोलतेस! मग ऐक. नवी कोरी वस्तू फुकट मिळत असताना आपली जुनी, फाटकी, डागाळलेली वस्तू सोडत नाही, असा एक तरी मूर्ख माझ्या राज्यात दाखव. दसऱ्यापर्यंत मुदत! दाखवलास तर तू म्हणशील तो भाव. नाही दाखवलास, तर तुझी मोटार तागडीत आणि पैसे भंगाराचे!”

“आणि पढवून आणलेला माणूस चालणार नाही,” दिवाणांनी शेपूट जोडलं.

“नाही पढवणार. पण माणूस कुणीही चालेल ना, सरकार?”

“कुणीही!” महाराज गरजले.

दसरा उजाडला. दरबार भरला. रुईघरची राजगादी म्हणजे काही रत्नजडित सिंहासन नव्हे. राज्याचा मूळपुरुष ज्या कापसाच्या गादीवर बसून कारभार करायचा, तीच ती गादी. वर्षातून एकदा ती बाहेर काढायची आणि राजानं तिच्यावर बसून प्रजेकडून आपट्याचं सोनं घ्यायचं. कापसाचे गोळे झालेले, खोळीला ठिगळं, एका कोपऱ्याला चिलमीनं पडलेलं भोक आणि मधोमध तेलाचा भलामोठा डाग! दुसऱ्या कुणाच्या घरी असती तर कुत्र्याखाली घातली असती. इथं तिला सगळे मुजरे करत होते.

सोनं द्यायला गजरा पुढं आली. तिच्या मागं दाऊदभाई पिंजारी. त्याच्या डोक्यावर मखमली खोळीची, शेवरीच्या कापसाची गुबगुबीत गादी.

“सरकार, पोटात तुटतं हो आपल्याला असं बसलेलं बघून! ही नवी घ्या. फुकट! ती घाण तेवढी मला द्या. दाऊदभाई, उचला!”

दाऊदभाई बिचारा दोन पावलं पुढं सरकला.

“खबरदार!” महाराज ताडकन उठले आणि गादीसमोर हात पसरून उभे राहिले. “घाण? माझ्या मूळपुरुषाची गादी आहे ही! हे भोक त्यांच्या चिलमीचं! हा डाग त्यांच्या मशालजीनं सांडलेल्या तेलाचा!”

“डाग धुऊन देऊ?”

“धुशील तर याद राख!”

“निदान कापूस पिंजून?”

“एक धागा हलवायचा नाही! तुझ्या असल्या शंभर गाद्या ओवाळून टाकीन हिच्यावरून!”

गजरानं वाकून मुजरा केला. “माणूस सापडला, सरकार. पढवलेला नाही. मूर्ख हा शब्द तेवढा आपला, माझा नव्हे!”

दिवाण लगबगीनं पुढं आले. “महाराज, हे भलतंच! गादीची गोष्ट वेगळी. ती घराण्याची आहे!”

“मोटारही घराण्याचीच, दिवाणजी. आमचं घराणं लहान, एवढंच.”

महाराजांनी एकदा तेलाच्या डागाकडं बघितलं, एकदा गजराकडं. मिशीचं एक टोक हललं, मग दुसरं, आणि ते मोठ्यांदा हसत सुटले. दरबारी एकमेकांची तोंडं बघत राहिले. आता हसायचं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

“हसा की रे! मूर्ख मी ठरलोय, तुम्ही कशाला तोंडं पाडलीत?” महाराजांनी डोळे पुसले. “दिवाण, नव्या मोटारीचा भाव मोजा. आणि त्या पोच्याला कुणी हात लावला तर त्याच्या डोक्याला तसलाच पोचा पाडा! पण काय ग पोरी, माझ्या वाड्यात बारा जुन्या मोटारी आहेत. दरसाल नवा रंग देतो, आरशासारख्या चमकतात. त्यांना काय भाव येईल?”

“जुन्या कसल्या, सरकार? दसऱ्याच्या दसऱ्याला नव्यानं जन्माला येतात त्या! आधी रंगाऱ्याला घरी बसवा आणि वीस वर्षांनी मला भाव विचारा.”

हसता हसता महाराज गादीवर कोसळले. गजराला मोटारीचे पैसे मिळालेच. वर गिरणीसाठी पेठेतली जागा बक्षीस मिळाली. आणि शेवरीची ती नवी गादी महाराजांनी पैसे मोजून विकत घेतली आणि तातोबाच्या खाटेवर पाठवून दिली.