दोन्ही घोडे घ्या

घोडेस्वारीच्या राष्ट्रीय संघात एकच जागा उरली होती आणि निवड समितीचे अध्यक्ष कर्नल जहागीरदार यांनी ती मनातल्या मनात पुतण्याला देऊनही टाकली होती. पंचाईत एवढीच झाली, की तबेल्यातल्या मोतद्दाराची लेक कुसुम इंगवले हिने आपल्या पाखऱ्या घोड्यावरून बाराही अडथळे एकही दांडी न पाडता पार केले, तर पुतण्याने जर्मनीहून आणलेल्या घोड्यावरून चार दांड्या लोळवल्या.

कर्नलांनी मिशीला पीळ दिला. "सगळी करामत घोड्याची असते, पोरी. तुझा घोडा गुणी, म्हणून तू तरलीस. आमच्या यशराजचा आज घोडाच बिथरला."

सात वर्षं घाम गाळल्यावर हे ऐकून कुसुमची कानशिलं तापली. पण आवाज तिने चढवला नाही. "मग साहेब, घोडे बदलून एकेक फेरी होऊ द्या. गुणी घोडा यशराजदादांना देते. बिथरलेला मला द्या."

मैदानभर टाळ्या पडल्या, त्यामुळे कर्नलांना नाही म्हणता येईना. यशराजने पाखऱ्यावरून पाच दांड्या पाडल्या. कुसुमने जर्मन घोड्याची मान थोपटली, आणि तो बाराही अडथळ्यांवरून वाऱ्यासारखा गेला. एक दांडी हलली नाही.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" कर्नल गुरगुरले.

"तुमचंच म्हणणं, साहेब. करामत घोड्यांची. दोन्ही घोडे एकेकदा बिनचूक उडालेत, तेव्हा दोन्ही घोडे संघात घ्या. फक्त त्या वेळी पाठीवर कोण होतं, तेवढं नाव शेजारी लिहा."

समितीतल्या बाकी चौघांनी हसत तिथल्या तिथे यादीवर सह्या केल्या. कर्नलांची सही सगळ्यांत शेवटी झाली, पण झाली.