चिंचेखालचा म्हसोबा

"मग म्हनू तरी काय, बुवा?"

परसूनं संबळाच्या काठ्या खाली टाकल्या.

हैबतीबुवा गोंधळी दारात बसून पानाला चुना लावत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी जगतापांच्या घरी लग्नाचा गोंधळ होता. बुवांचा घसा बसलेला. त्यांच्या जागी परसूनं उभं राहायचं की नाही, ते अजून ठरत नव्हतं. परसूनं सकाळीच सांगून टाकलं होतं की आज नाही तर कधीच नाही, कऱ्हाडच्या बँजो पार्टीत जागा आहे. गळा गोड होता त्याचा. ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गोंधळात आधी देवांना बोलवायचं असतं, एकेकाला नावानं आणि ठिकाणानं. शेवटी आपल्या गावचा म्हसोबा. सकाळपासून गाडं तिथंच अडलं होतं.

"पुन्हा म्हन."

"चिंचेखालच्या म्हसोबा, गोंधळा ये..."

"थांब. चिंच कुठंय?"

"तोडली की. बायपास झाला तवा."

"मग झाडच न्हाई, तर देव येनार कुठनं?"

"माझा आजा असंच म्हनायचा."

"तुझ्या आज्याला चिंच दिसत हुती."

परसूनं दात आवळले. चिंच गेली आणि तिथं बायपासच्या दिव्याचा खांब उभा राहिला, हे काय त्याला माहीत नव्हतं? त्यानं पुन्हा सूर धरला.

"खांबाखालच्या म्हसोबा, गोंधळा ये..."

"थांब. चिंच कुठं गेली?"

"बुवा!" परसूच्या मस्तकात तिडीक गेली. "चिंच म्हनलं तरी चूक, खांब म्हनला तरी चूक! मला उभं करायचंच न्हाई, असं सरळ सांगा की."

"शिकवून शिकवून माझा जीव मेटाकुटीला आला, आन् वर तूच माझ्यावर वरडतोस?"

खरं सांगायचं तर दोघंही एकमेकांना पुरते विटले होते. बुवांनी पान तोंडात टाकलं, तेही रागानंच.

...

"संबळ उचल. चल."

"आता कुठं?"

"म्हसोबाकडं."

भर उन्हात दोघं निघाले. पुढं बुवा, मागं संबळ छातीशी धरून परसू. तो सगळी वाट पुटपुटत होता. बँजो पार्टीत असलं काही नसतं म्हणे. वाजवा, पैसे घ्या, घरी जा. बुवा ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

शेतांमधून जुनी पायवाट बायपासला भिडत होती. पलीकडून ट्रक धडधडत चालले होते. कडेला दिव्याचा खांब, आणि खांबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, आपल्या जुन्या जागी.

बुवा त्याच्या अलीकडे खाली वाकले, दोन पावलं तसेच गेले आणि पुन्हा ताठ झाले.

मागून परसू आला. पुटपुटतच वाकला, दोन पावलं चालला, ताठ झाला.

बुवा वळले.

"का वाकलास?"

"आँ?"

"इथं. का वाकलास?"

परसूनं डोक्यावर पाहिलं. वर नुसतं पांढरं ऊन होतं.

"ती... फांदी..."

चिंचेची एक फांदी इथं वाटेवर आडवी आलेली असायची. इतकी खाली, की पोराटोरांनाही वाकूनच म्हसोबापाशी जावं लागायचं. बायपास होऊन आता बरीच वर्षं झाली होती.

परसू मागं वळून त्या मोकळ्या जागेकडं पाहत राहिला. त्याचा राग कुठं गेला, ते त्यालाही कळलं नाही.

"बुवा..." तो म्हणाला.

बुवांनी त्याच्या हातातला संबळ घेतला. वाकून त्याच्या कमरेला बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि बसक्या आवाजात म्हणाले,

"हं. आता बोलाव त्याला."