बाराव्या तंबोऱ्याची घोडी

"...मग त्या गोळ्या घेऊन मी करू काय, चाचा? नुसता खात-पीत जगू?"

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मिरजेत तंबोरे करण्यात त्यांची साठ वर्षं गेली होती, आणि समोर मांडी घालून बसलेला भूपाल मगदूम बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली होता. शिष्य कसला, घरचाच! दोघांच्या मधे गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. भूपालच्या बायकोनं, सुलोचनानं, सकाळीच ते आणून ठेवलं होतं. "तेरा दिवस झाले, घेत नाहीत," एवढंच ती बोलली आणि रडं आवरत निघून गेली.

"डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं सोडलंस म्हण की."

"पाच वर्षं ऐकलं! झोप लागते, भाकरी गोड लागते, पोरीचं लग्न नीट पार पडलं. सगळं खरं. पण कान मेले माझे, चाचा. जवारी लावायला बसलो की कानात कापूस कोंबल्यागत होतं."

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा जीव की प्राण. तार ज्या हाडाच्या घोडीवर टेकते, ती घोडी कानशीनं केसाकेसानं घासत जायची. जमलं तर सूर लांबवर झणकारत राहतो. नाही जमलं तर एवढा देखणा तंबोरा नुसता भोपळा.

"गोळ्यांच्या आधीचं ते वर्ष आठवतं का?" भूपालचा आवाज हळवा झाला. "अकरा तंबोरे झाले माझ्या हातनं. झोप नाही, भूक नाही. गवई यायचे, एकदा तार छेडायचे अन् डोळे मिटून बसायचे. धारवाडचे ते म्हातारे बुवा तर रडलेच. काय दिवस होते, चाचा! मला भिंतीतनं सूर ऐकू यायचे. कुठं गेलं हो ते सगळं?"

त्या वर्षानंतर सात महिने तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. ते मात्र तो कधी काढत नसे.

"होते खरे दिवस," चाचा म्हणाले. "दारात चपला मावायच्या नाहीत."

मग म्हणाले, "अकरा नाही. बारा."

भूपालचा चेहरा उजळला. "बारावा! अहो, तो तर सगळ्यांत गोड! कुणी नेला तो?"

चाचा गुडघ्यावर हात टेकत उठले. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. डब्यातनं फडकं, फडक्यातनं एक घोडी. ती त्यांनी भूपालच्या तळहातावर ठेवली.

घोडी कसली! हाड घासून घासून पापडाएवढं पातळ झालेलं. मधे आरपार भोक. कडेला काळे पडलेले डाग.

"दोन दिवस इचलकरंजीला लेकीकडं गेलो होतो. आलो तर तू घासतच होतास. बोटं सोलवटलेली."

"पण वाजत होता ना, चाचा..."

"त्याला तारा चढवल्याच नव्हत्या, लेका."

...

भूपालनं त्या भोकाच्या कडेवरनं अंगठा फिरवला.

"मला ऐकू येत होतं," तो म्हणाला, आणि एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "तसा सूर पुन्हा कधी ऐकला नाही हो मी. तो खोटा होता म्हणता?"

"खोटा कोण म्हणतंय?"

चाचांनी कोपऱ्यातला नवा तंबोरा पुढं ओढला. कानस उचलली आणि भूपालला तारेपाशी बसायची खूण केली.

या घरची एक रीत होती. जवारी लावायला दोघांनी बसायचं. एकानं घासायचं, दुसऱ्यानं छेडायचं. ‘बस’ म्हणायचं ते छेडणाऱ्यानं. घासणाऱ्याला तो हक्कच नाही. त्या अकरा तंबोऱ्यांना कानस भूपालची होती, पण तारेपाशी दर वेळी चाचा बसले होते. त्या जागेवर बावीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं.

"मला नका हो बसवू इथं. माझे कान गेलेत."

"छेड."

चाचांनी तार बाजूला सारून घोडीवर कानशीचे दोन हात मारले, तार जागेवर आणली. भूपालनं छेडली. कशाचं काय! पुन्हा दोन हात. पुन्हा तोच कापूस. चाचांचे डोळे मिटलेले, ओठांवर हसू, हात चालूच.

मग सूर जरासा उघडला. आणखी दोन हात... आणखी उघडला. झंकार लांबत दारापर्यंत गेला. भूपालची मान आपोआप ताठ झाली. त्यानं पुन्हा छेडली, श्वास रोखून ऐकली. कानस पुन्हा घोडीवर टेकली...

"बस!" तो ओरडलाच. "चाचा, बस! आता पुढं पत्रा वाजेल."

चाचांचा हात थांबला. त्यांनी डोळे उघडले. पाण्याचा तांब्या हळूच गोळ्यांच्या पाकिटाशेजारी सरकवला.

"बरं झालं थांबवलंस," ते म्हणाले. "मला तर अजून गोड लागत होतं."